अत्याचारित बालकाचा हात कोणीं धरावा ?

इ. स. १८९० मध्यें कलकत्त्यास फुलमणि दासी नांवाची एक दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीमुळें रक्तस्राव होऊन मरण पावली. नवरा हरिमोहन मैती हा चांगला पस्तिशीच्या घरांतला पुरुष होता. त्याच्यावर खटला झाला. परंतु त्या वेळच्या दंडसंहितेनें मुलीच्या संमतीचें वय दहा वर्षें ठरविलें होतें, व फुलमणि ती मर्यादा ओलांडून गेलेली असल्यामुळें बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवतांच आला नाहीं. हयगयीनें जबर दुखापत केल्याच्या गुन्ह्याबद्दल त्याला बारा महिन्यांची सक्तमजुरी मिळाली, आणि खटल्यावर पडदा पडला.

पुढें जो वाद माजला तो महाराष्ट्रांतील वाचकांस ठाऊक आहेच. बेहरामजी मलबारींनीं १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चालविलेल्या चळवळीला या प्रकरणानें जोर आला; अँड्र्यू स्कोबल यांनीं बिल मांडलें; आणि १९ मार्च १८९१ रोजीं संमतीचें वय दहाचें बारा झालें. परक्या सरकारनें आमच्या धर्माचारांत हात घालूं नये, म्हणून टिळकांनीं ‘केसरी’तून विरोध केला, आगरकरांनीं ‘सुधारका’तून पुरस्कार केला, रानडे व तेलंग यांनीं बिलाची बाजू घेतली, भांडारकरांनीं शास्त्रवचनें काढून टिळकांशीं वाद घातला. गर्भाधानसंस्काराचा काळ कोणता, सरकारचा अधिकार किती, यावर ढीगभर मजकूर छापला गेला. तो आज चाळला म्हणजे एक गोष्ट मनाला चाटून जाते. फुलमणि मेली म्हणून तिचा विचार झाला. पण ज्या फुलमण्या मेल्या नाहींत, जखमा घेऊन जगल्या, त्यांचें पुढें काय झालें, त्यांना कोणीं औषध दिलें, कोणीं पोटाशीं धरलें, हा प्रश्न दोन्ही पक्षांपैकीं कोणींच फारसा विचारला नाहीं. त्याला अपवाद एकच. हिंदुस्थानांत काम करणाऱ्या कांहीं स्त्री-डॉक्टरांनीं सरकारकडे अर्ज केला व आपल्या पाहण्यांतल्या मुलींची यादी त्याला जोडली. त्या यादींत मृत मुलींबरोबर जन्माच्या अधू झालेल्या मुलीही होत्या. वादविवाद पुरुष करीत होते. खाटेवरचें लेंकरूं काय त्या बायकांनीं तेवढें पाहिलें होतें.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलासंबंधीं आपल्या देशांतील कायद्याचा व समाजाचा इतिहास पाहूं गेलें तर तो प्रश्नांचा इतिहास आहे असें दिसतें. प्रथम प्रश्न होता : अपराध्याला शिक्षा काय? मग आला : मुलीचें वय किती? त्यानंतर : पुरावा कोठें आहे? आणि फार उशिरां, म्हणजे अगदीं आपल्या हयातींत, चौथा प्रश्न विचारला गेला : या मुलाला आतां काय हवें आहे? पहिले तीन प्रश्न न्यायाचे आहेत आणि ते आवश्यकच आहेत. पण त्यांत मूल हें केवळ वयाचा दाखला किंवा पुराव्याची वस्तु म्हणून येतें. चौथ्यांत तें माणूस म्हणून येतें.

कायद्याला चौथा प्रश्न सुचला नव्हता तेव्हां तो कांहीं व्यक्तींना सुचला होता, हें आपल्या प्रांताला भूषणावह आहे. १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें येणाऱ्या स्त्रिया बहुधा विधवा असत. आणि ज्या काळीं आठव्या-दहाव्या वर्षीं लग्नें होत, त्या काळच्या विधवांत कोवळ्या वयाच्या किती असतील, व त्यांतल्या कितीजणी घरांतल्याच कोणाच्या वासनेला बळी पडल्या असतील, हें सांगावयास नको. त्या गृहाचें मर्म असें कीं, आलेल्या बाईनें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, आणि तिची अब्रू चव्हाट्यावर येऊं नये. दोष कोणाचा याचा निवाडा करून मग दार उघडावयाचें, ही तेथली रीत नव्हती. दार आधीं उघडावयाचें. १८७४ मध्यें फुले दांपत्यानें दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवा मातेचा मुलगा होता.

दुसरें नांव पंडिता रमाबाईंचें. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व तें पुढच्या वर्षीं पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि उपाशी मुलींच्या मागावर काय काय माणसें फिरत आहेत हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. सरकारी अन्नछत्रांत व गरीबखान्यांतही मुली सुरक्षित नव्हत्या, असें त्यांनीं निर्भीडपणें लिहून ठेविलें आहे. त्या शेंकडों मुली घेऊन परतल्या. पुण्यास प्लेगचे निर्बंध होते, तेव्हां केडगांवच्या मळ्यावर त्यांची सोय केली. रमाबाईंच्या धर्मांतरावरून आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु संकटांतल्या मुलीला केवळ तांदूळ देऊन भागत नाहीं, तिच्याभोंवतीं विश्वासाचें माणूस उभें करावें लागतें, हें त्यांना कळलें होतें, ही गोष्ट त्या वादांत मागें पडली.

विसाव्या शतकांत ही कामगिरी हळूहळू सरकारनें अंगावर घेतली. मद्रास व बंगाल यांच्या मागून १९२४ मध्यें मुंबईचा मुलांचा कायदा झाला. १९२७ मध्यें चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली व डोंगरीच्या उमरखाडींत मुलांचें निरीक्षणगृह चालूं लागलें. १९३६ मध्यें मुंबईस समाजकार्याचें शिक्षण देणारी टाटांची शाळा निघाली, आणि १९३७ मध्यें तिच्या आश्रयाखालीं मुलांच्या मनाचे विकार तपासणारी शाखा सुरू झाली. शरीराप्रमाणें मुलाच्या मनालाही वैद्य लागतो, ही कल्पना येथें प्रथम संस्थेच्या रूपानें अवतरली. तथापि या सर्व व्यवस्थेवर एक जुनी छाया होती. चोरी करणारें पोर, भीक मागणारें पोर आणि ज्याच्यावर अत्याचार झाला तें पोर, तिघांचीही रवानगी एकाच यंत्रणेंत होई. ज्यानें कांहीं केलें तो आणि ज्याला कांहीं केलें गेलें तो, यांतील भेद स्पष्टपणें पाळावयास १९८६ व २००० चे कायदे यावे लागले. २००० च्या कायद्यानें संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीं बालकल्याण समिति नेमण्याची तरतूद केली. ही समिति पुढें फार महत्त्वाची ठरली.

दरम्यान तिसरा प्रश्न, पुराव्याचा, आपलें काम करीतच होता. १९७२ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांत देसाईगंज येथील पोलीस ठाण्यांत एका चवदा ते सोळा वर्षांच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनींच अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयानें आरोपी सोडले. १९७६ मध्यें नागपूर खंडपीठानें त्यांना शिक्षा दिली. आणि १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ते पुन्हां निर्दोष ठरविले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तेव्हां तिनें प्रतिकार केला असें दिसत नाहीं, असा एकंदर युक्तिवाद होता. ठाण्याच्या दारें लावलेल्या खोलींत, आप्त बाहेर उभे असतां, एका अनाथ मजूर मुलीनें प्रतिकार करावयाचा तो कसा, हें सांगण्याची जबाबदारी कोणावर नव्हती. १९७९ मध्यें उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चौघा कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें, देशभर चळवळ झाली, आणि १९८३ मध्यें कायदा बदलला. पीडितेचें नांव छापणें हा गुन्हा ठरला तो याच वेळीं. पण ज्या मुलीमुळें तो नियम झाला तिचें स्वतःचें नांव त्याआधींच कायद्याच्या ग्रंथांत कायमचें छापलें गेलें होतें. तें येथें पुन्हां लिहीत नाहीं.

गोव्याचा धडा निराळा आहे. मडगांवाजवळ अनाथ मुलांसाठीं आश्रम चालविणारा फ्रेडी पीट हा १९९१ मध्यें पकडला गेला व १९९६ मध्यें त्याला जन्मठेप झाली. निराधार मुलांसाठीं काढलेलें घरच त्यांच्या नाशाचें ठिकाण झालें होतें; आणि बळी पडलेले मुलगे होते. तत्कालीन दंडसंहितेंत बलात्काराची व्याख्या मुलग्याला लागूंच होत नसे. त्याच्यावरील अत्याचाराला अनैसर्गिक कृत्याच्या जुन्या कलमाखालीं कोठें तरी जागा करून द्यावी लागे. गोवा राज्यानें २००३ मध्यें मुलांचा स्वतंत्र कायदा केला, मुलांवरील लैंगिक अत्याचाराची व्याख्या केली, आणि त्यासाठीं निराळें न्यायालय दिलें. सबंध देशाच्या कायद्याला हेंच करावयास आणखी नऊ वर्षें लागलीं.

चौथ्या प्रश्नाला खरें तोंड फुटलें तें मुंबईस, आणि तेंही टेलिफोनवर. १९९६ मध्यें, वर सांगितलेल्या टाटांच्या संस्थेंतूनच, जेरू बिलिमोरिया यांनीं संकटांतल्या मुलांसाठीं चाइल्डलाइन सुरू केली. दहा-नऊ-आठ, म्हणजे १०९८, हा तिचा क्रमांक. रस्त्यावरच्या पोरालाही लक्षांत राहील असा तो निवडलेला. पैसे पडत नाहींत. रात्रींबेरात्रीं कोणी तरी उचलतें. २०२३ पासून ही सेवा सरकारनें आपल्या हातीं घेतली व तिची सांगड ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशीं घातली. परंतु १०९८ हा आंकडा तोच राहिला. मुलानें स्वतः बोलावें, आणि कोणी मोठ्या माणसानें आधीं ऐकून घ्यावें, एवढेंच या योजनेचें तत्त्व. फुलमणीच्या काळांत याच तत्त्वाचा दुष्काळ होता.

मुलानें तेंच दुःख किती जणांना किती वेळां सांगावें, हा विचार त्याच सुमारास अन्य देशांतही चालूं होता. अमेरिकेंत आलाबामा संस्थानांत हंट्सव्हिल येथें १९८५ मध्यें बड क्रेमर नांवाच्या सरकारी वकिलानें, पोलीस, डॉक्टर व समाजसेवक यांनीं मुलाकडे एकाच घरांत यावें, मुलानें त्यांच्या दारोदार हिंडूं नये, अशी व्यवस्था केली. आइसलंडनें १९९८ मध्यें त्याच धर्तीवर ‘मुलांचें घर’ उघडलें. आपल्याकडे २००४ मध्यें ‘साक्षी’ या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, साक्ष देतांना मुलाला आरोपी दिसूं नये म्हणून पडदा असावा, उलटतपासणीचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशानें ते साध्या भाषेंत विचारावे, आणि मुलाला मध्यें विसांवा द्यावा. २००७ मध्यें केंद्र सरकारनें एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारलें असतां निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्क्यांवर मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते. अत्याचार करणारे पुष्कळदां ओळखीचे व विश्वासांतले होते. आणि बहुतेक मुलें कोणाजवळ बोललीं नव्हतीं. आमच्या घरांत असें होत नाहीं, असें म्हणणाऱ्या सुशिक्षितांस त्या आंकड्यांनंतर फारसें बोलतां येईल असें वाटत नाहीं.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजीं लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा अमलांत आला. ‘पोक्सो’ या नांवानें तो सर्वत्र ओळखला जातो. वय अठरा झालें, मुलगा व मुलगी यांत भेद राहिला नाहीं. या गोष्टींचा डांगोरा पुष्कळ पिटला गेला. शिक्षांचीही चर्चा झाली व २०१९ मध्यें त्या आणखी कडक झाल्या. परंतु आमच्या मतें या कायद्याचें खरें नवेपण त्याच्या लहान लहान कलमांत आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला बरें वाटेल तेथें घ्यावा. घेणारा अधिकारी, शक्यतों स्त्री, गणवेशांत नसावा. मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवूं नये. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री-डॉक्टरनें, मुलीचा विश्वास असलेल्या माणसाच्या देखत करावी. न्यायालयांत मुलाला पुनःपुन्हां बोलावूं नये. त्याचें नांव, शाळा, घर कोठेंही उघड होऊं नये. कायदा लिहिणाऱ्यानें येथें प्रथमच मुलाच्या उंचीवर बसून जगाकडे पाहिलें आहे.

आणि या कायद्याच्या नियमांत एक नवा मनुष्य निर्माण केला आहे. त्याला आधार-व्यक्ति म्हणतात. तपासापासून खटल्याच्या शेवटापर्यंत मुलाच्या बरोबर राहण्यासाठीं बालकल्याण समिति अशी व्यक्ति नेमूं शकते. हा वकील नव्हे, पोलीस नव्हे, नातलगही नव्हे. पुढची तारीख केव्हां, डॉक्टर काय करणार, आरोपी जामिनावर सुटला कीं काय, हें मुलाला व आईबापांना समजेल असें सांगणें, त्यांच्याबरोबर दवाखान्यांत व न्यायालयांत जाणें, शाळा तुटूं न देणें, आणि ऐकलेलें पोटांत ठेवणें, हें त्याचें काम. मुलाला व पालकांना ती व्यक्ति नको असेल तर कारण न देतांही तिची सेवा थांबवितां येते. २०२० च्या नियमांनीं ही व्यवस्था अधिक बांधेसूद केली. जिल्हा बाल संरक्षण कक्षानें अशा व्यक्तींची, दुभाष्यांची व तज्ज्ञांची यादी ठेवावयाची आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें उत्तर प्रदेशांतील एका प्रकरणाच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयास या विषयांत पुन्हां लक्ष घालून आदेश द्यावे लागले. नियम छापील असला म्हणजे माणूस हजर होतोच असें नाहीं, याची ती कबुली होय.

आतां, हा इतिहास ज्यांना केवळ वाचावयाचा नाहीं, ज्यांच्या स्वतःच्या घरावर किंवा शेजारच्या घरावर असा प्रसंग ओढवला आहे, त्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट म्हणजे मूल बोललें तर त्यावर विश्वास ठेवावा, त्याचा कांहींच दोष नाहीं हें त्याला स्पष्ट शब्दांत सांगावें, आणि खोदून खोदून विचारूं नये. दुसरी, दवाखाना. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयानें अशा मुलाला विनामूल्य उपचार देणें कायद्यानें बंधनकारक आहे. पूर्वीं फौजदारी संहितेंत असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत आहे. फिर्याद झालेली नसली तरीही तपासणी करतां येते. येथें वेळेला फार किंमत आहे, एच. आय. व्ही.चा संसर्ग टाळण्याचें औषध ७२ तासांच्या आंत, व जितकें लवकर तितकें चांगलें, सुरू करावें लागतें. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें २०१४ मध्यें दिलेल्या मार्गदर्शनानें जुनी, अपमानकारक ‘दोन बोटांची’ तपासणी त्याज्य ठरविली आहे. कोणी ती करूं लागल्यास पालकांनीं हरकत घ्यावी. तिसरी, १०९८ किंवा पोलीस. पोलिसांनीं चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीला कळवावयाचें असतें. त्या समितीकडे आधार-व्यक्तीची मागणी नि:संकोच करावी. जिल्हा विधि सेवा प्राधिकरण वकील विनामूल्य देतें. विशेष न्यायालय खटला चालूं असतांच अंतरिम नुकसानभरपाई देऊं शकतें, आणि महाराष्ट्रांत २०१३ पासून चालूं असलेल्या मनोधैर्य योजनेंत द्रव्यसाहाय्य व समुपदेशन या दोहोंची सोय आहे. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतील ‘दिलासा’ केंद्रें व जिल्ह्याजिल्ह्यांतील ‘सखी’ केंद्रें यांतही पहिला आधार मिळूं शकतो.

येथें एक अडचण प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. गुन्हा कळूनही न कळविणें हाच या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक, कोणीही त्यांतून सुटत नाहीं. सुटतें तें फक्त मूल. याचा हेतु चांगला आहे. कारण गप्प बसणाऱ्या मोठ्या माणसांच्या आडोशानेंच हे अपराध वाढले. पण त्याचा एक परिणाम असा कीं, आरोपी काका किंवा मामा असला म्हणजे घर दवाखान्याची पायरीच चढत नाहीं. गेलों तर पोलीस येतील, पोलीस आले तर गांवाला कळेल, या भीतीनें मुलाच्या जखमेवर औषधाच्या आधीं अब्रूचें पांघरूण पडतें. ही कोंडी केवळ कायद्यानें सुटणारी नाहीं. बाहेरून येणारी मदत विश्वासाची आहे असा अनुभव घराघरांना आला तरच दारें उघडतील, आणि तो अनुभव देणें हें त्या आधार-व्यक्तीच्या, परिचारिकेच्या, ठाण्यांतल्या स्त्री-अधिकाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून आहे.

अब्रू हा शब्द या इतिहासांत फार वेळां येतो. १८९१ मध्यें धर्माची अब्रू, त्यानंतर कुळाची, शाळेची, संस्थेची, खात्याची. प्रत्येक पिढींत ती कोणाची तरी जपली गेली, आणि तिची किंमत बहुधा मुलानें दिली. अब्रू त्याची जाते ज्यानें अपराध केला. ज्यानें सोसलें त्याचें कांहींच जात नाहीं. त्याला दुखापत होते, आणि दुखापतीला उपचार असतो. एवढें एक वाक्य जरी आपल्या घरांतून रुजलें, तरी पुष्कळ मुलें वेळेवर बोलतील.

फुल्यांच्या गृहापासून १०९८ पर्यंत शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आज व्यवस्था कागदावर तरी पुरेशी आहे, आणि ती मागणें हा मुलाचा हक्क आहे. कोणाचा उपकार नव्हे. परंतु त्या सर्व साखळीची पहिली कडी अजूनही घरांतच आहे. मूल प्रथम समितीकडे जात नाहीं, न्यायालयाकडे जात नाहीं. तें संध्याकाळीं स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभें राहतें, आणि अर्धवट कांहीं तरी बोलतें. त्या वेळीं हातांतलें काम खालीं ठेवून त्याच्याकडे वळणारें माणूस घरांत असलें पाहिजे.